काळ्या टेपखालचा पिवळा बेडूक

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझेना, तेव्हा मी त्याच्यावर काळी टेप चिकटवली.

चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपलेल्या माणसाने हे केलं. दिवसाढवळ्या केलं, गिऱ्हाईक समोर उभं असताना केलं, आणि वर टेपेवरून अंगठा फिरवून म्हणालो, "आता काही नाही." संपादकांनी पत्रात धंद्यातले यशाचे अनुभव मागितले होते. यशाचे माझ्याकडे दोन आहेत आणि ते मी लग्नामुंजीच्या पंगतीत सांगून सांगून झिजवले आहेत. हा कुणाला सांगितलेला नाही. लिहिताना अजून तळहाताला घाम येतो, त्यामुळे अक्षर वाईट आलं तर माफी असावी.

माझं गॅरेज डिचोलीहून साखळीला जाताना डाव्या हाताला आहे. पाटी कधीच पुसली गेली. कोणाला गरजही नाही, सगळे मला 'मेस्त' म्हणतात. मी शिकलो ते खाणीवरच्या टिपरांवर. डिझेलची गाडी स्वभावाने सरळ. गळली तर जमिनीवर डाग पाडते, डाग बघायचा, वर बघायचं, पाना घ्यायचा. आम्ही डिझेलने हात धुतले, डिझेलने जखमा पुसल्या, डिझेलच्या पिंपावर बसून पोदेराकडचे गरम उंडे पाव खाल्ले. मग खाणी बंद पडल्या आणि टिपरवाल्यांची मुलं लहान पेट्रोल गाड्यांकडे वळली. मोप्याला विमानं उतरू लागली तशा दारोदार टॅक्स्या आल्या. मुळगावचा सगुण त्यातलाच. त्याच्या बापाचा टिपर मी सांभाळला होता, म्हणून बापाच्या माघारी त्याची टॅक्सीही माझ्याकडेच आली.

पेट्रोल सरळ नाही. ते डाग पाडत नाही, उडून जातं. टाकीत ते सतत वाफ सोडत असतं. ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांत एक कोळशाचा डबा असतो. वाफ नळ्यांतून त्या डब्यात जाऊन बसते आणि गाडी धावायला लागली की इंजिन ती शोषून जाळून टाकतं. या वाटेत कुठे सुईएवढी फट पडली तरी गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतं आणि तो पिवळा दिवा लावतो. पण कुठे, ते तो सांगत नाही. मी माझा स्कॅनर जोडला की तोही एवढंच म्हणतो, वाफ गळते. गावात चोरी झाली म्हणून ओरडत येणाऱ्या आणि कोणाच्या घरी ते विसरलेल्या माणसासारखं त्याचं आहे. घरं आपण हिंडायची.

तर, गणपतीच्या चवथीच्या दोन दिवस आधी सगुणच्या गाडीचा पेट्रोल पंप गेला. हा पंप टाकीच्या आत असतो. मागची सीट उचलली की खाली झाकण दिसतं, ते उघडून पंप वर ओढायचा. मी तो एका दुपारात बदलून दिला. सगळी दुकानं माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानात बुडालेली असताना गाडी चालू करून दिली म्हणून सगुणच्या आईने, शेवंतीवहिनीने, मला नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा पाठवला. नेवऱ्या संपायच्या आत पिवळा दिवा लागला.

शेवंतीवहिनी त्या दिव्याला 'पिवळो बेडूक' म्हणायची. खरंच तसा दिसतो तो, चार पाय दुमडून बसल्यासारखा.

मी आधी पेट्रोल भरायच्या तोंडाचं झाकण बघितलं. दहातल्या सहा गाड्यांत चूक तिथेच असते, माणसं झाकण नीट फिरवत नाहीत. झाकणाला बारीक चीर होती. मला आनंद झाला. नवं झाकण घातलं, स्कॅनरने दिवा विझवला, "काही नाही आता" म्हटलं आणि सगुण मोप्याला गेला. चौथ्या दिवशी बेडूक परत.

मग एका नळीवर उंदराचे दात सापडले. आमच्याकडे पावसात उंदीर इंजिनात बिऱ्हाड करतात, त्यामुळे मी तर नाचायचाच बाकी होतो. सगुणला हाताला धरून नेऊन दात दाखवले. नळी बदलली. काढलेली नळी पाण्यात बुडवून फुंकली तर एकही बुडबुडा नाही. उंदराने नुसती चव घेतली होती. आठवड्यात बेडूक परत. मग मी इंजिनाकडची झडप बदलली. मग कोळशाचा डबा उतरवला, झटकला, परत लावला. या डब्याला मी इतकी बोलणी दिली की तो माणूस असता तर गाव सोडून गेला असता.

याच दिवसांत सगुणची बायको सुलक्षा गाडीतून उतरली ती ओठ घट्ट मिटून. सहावा महिना संपत आला होता. डॉक्टरकडे जाताना, बाजारात येताना ती मागच्या सीटवर बसायची, पाय सोडायला बरं पडतं म्हणून.

"मेस्ता," ती म्हणाली, "माका मागच्या सीटवर पेट्रोलचो वास येता."

मी दार उघडलं, डोकं आत घातलं आणि चार जणांना ऐकू जाईल असा मोठा श्वास घेतला.

"काही नाही, बाय. या दिवसांत पाण्यालाही वास येतो."

"व्हय तर," शेवंतीवहिनी पुढच्या सीटवरून म्हणाली. "सगुणच्या वेळेक माका शिजत्या भाताचो वास सोसना."

"भाताचो नाय, आई. पेट्रोलचो म्हणता मी."

सगुण म्हणाला, "अगो, मला नाही येत तो."

तो काच खाली करून, कोपर बाहेर काढून गाडी चालवणारा. त्याला कुठून येणार? आणि मला का आला नाही, ते आता सांगायला हवं.

मला वास येत नाही. कुठलाच. तीस वर्षं खाणीची लाल धूळ आणि डिझेलचा धूर ओढला, त्यात नाक कधी गेलं ते मलाही कळलं नाही. बायकोला ठाऊक आहे, कारण चुलीवर माशांचं हुमण करपून कोळसा होईपर्यंत मी बाजूला बसून पेपर वाचू शकतो. बाहेर मी ते कधी कबूल केलं नाही. नाक नसलेला मेस्त म्हणजे बहिरा पेटीवाला. पेडण्याच्या एका मास्तरांनी एकदा गाडीत काहीतरी कुजलंय म्हणून गाडी आणली होती. मी काचा बंद करून, एसी लावून, साखळीपर्यंत जाऊन आलो आणि म्हणालो, "मास्तर, काही नाही." मास्तर माझ्याकडे समाधीतून उठलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. सीटखाली सहा दिवसांची बांगडे-मासळीची पिशवी होती. ती त्यांनी स्वतः शोधली. पेडण्याच्या बाजारात त्यांनी माझी काय कीर्ती केली असेल ती असो. मी तिथे वर्षभर फिरकलो नाही.

तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो. मी काय केलं, तर हुंगण्याचा आवाज मोठा केला.

पंधरा दिवसांनी सुलक्षा परत आली. या वेळी एकटीच चालत, छत्री घेऊन. मी कुठल्याशा रिक्षाच्या खाली होतो. ती माझ्या पायांशीच बोलली.

"मेस्ता, मी ध्यानात ठेवलंय. टाकी फुल केली की वास जास्त येता. अर्धी झाली की कमी. चढावावर तर डोकं गरगरता."

आज मला कोणी विचारलं तर मी सांगेन की या तीन वाक्यांत सगळं निदान होतं. कोणी स्कॅनर, कोणी कॉम्प्युटर इतकं स्वच्छ सांगत नाही. मी रिक्षाखालून ओरडलो, "बाय, तुला मळमळतं ते टाकीमुळे नाही. घरी जाऊन लिंबू हुंग."

 छत्रीचं टोक थोडा वेळ तिथेच दिसत राहिलं, मग गेलं.

म्हापशाला एकाकडे धुराचं यंत्र आहे. वाफेच्या वाटेत निरुपद्रवी धूर सोडायचा, फट असेल तिथून तो बाहेर येतो, बस्स. तासाभराचं काम. सगुण म्हणाला, घेऊन जाऊया का? मला राग आला. बापाचा टिपर कोणी सांभाळला, वगैरे मी बरंच ऐकवलं. बिचाऱ्याने तो विषय सोडला. पण त्याचीही अडचण होती. विमानतळावरचे प्रवासी मागून डोकावून विचारायचे, हा दिवा कसला? एक बाई तर सामान उतरवून दुसऱ्या टॅक्सीत बसली. त्यात दसरा तोंडावर. शेवंतीवहिनी म्हणाली, "पुजेच्या दिसा गाडयेच्या कपाळार तो बेडूक माका नाका."

आणि मी टेपेचा तुकडा कापला.

दसऱ्याच्या सकाळी सगुणने मला घरी बोलावलं. गाडीची पूजा झाल्यावर नारळ मेस्ताने फोडायचा, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. गाडी पहाटे धुऊन अंगणात उभी केली होती. रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा, आंब्याची पानं, चारी चाकांखाली लिंबं. पूजा झाली की सुलक्षाला माहेरी दोडामार्गला पोचवायचं होतं, सातवा महिना होता. राज्याच्या हद्दीपलीकडे पेट्रोल महाग, त्यामुळे इकडचा कोणीही तिकडे जायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरतो. सगुणनेही भरून आणली होती. मग कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून काचा वर करून गाडी उन्हात दीड-दोन तास उभी. ऑक्टोबरचं ऊन.

मी हे सगळं पाहिलं. भरलेली टाकी, बंद काचा, ऊन. पाहिलं आणि केळीच्या पानावरचा नारळ सोलायला बसलो.

नारळ फुटला. आरती झाली. शेजारपाजारची आठ-दहा माणसं होती. मग शेवंतीवहिनी घरातून धुपाटणं घेऊन आली. आमच्याकडे गाडीची दृष्ट काढायची ही रीत. धगधगीत इंगळ्यांवर धूप टाकायचा, धुपाटणं गाडीच्या आत ठेवायचं, दारं लावून घ्यायची आणि धूर भरू द्यायचा. आधी मागची सीट, कारण तिथे परकी माणसं बसतात.

सुलक्षा पायरीवर बसली होती. ती उठली.

"आई, गाडीत नको."

"कित्याक?"

"वास येता. आज खूप येता. मी दार उघडून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं."

शेवंतीवहिनीने माझ्याकडे बघितलं. अख्ख्या अंगणाने माझ्याकडे बघितलं. मेस्त तिथेच उभा असताना सुनेचं कोण ऐकणार? मी हातातली करवंटी खाली ठेवली, ऐटीत गेलो, मागचं दार हातभर उघडलं, नाक आत घातलं आणि माझा तो प्रसिद्ध श्वास घेतला.

"काही नाही, वहिनी. खुशाल ठेवा."

हे शब्द माझे. ते परत गिळता येत नाहीत, मी बरेच दिवस प्रयत्न केला.

शेवंतीवहिनी पुढे सरकली. धुपाटणं हातात, इंगळे लालभडक, दारापासून पाच-सहा पावलं. सुलक्षा तिच्या आडवी आली. गाडी धुतलेली बादली नळाशी होती, अर्धी भरलेली. सातव्या महिन्यातली ती बाई वाकली, बादली उचलली आणि सासूच्या हातातल्या धुपाटण्यावर ओतली.

चर्र झालं. राख, पाणी, वाफ. शेवंतीवहिनीचं नवं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. धुपाटणं हातातून पडून अंगणात गडगडत गेलं आणि तुळशीला लागून थांबलं.  दसऱ्याच्या दिवशी, पूजेतले इंगळे, सुनेने विझवले! एका म्हातारीने कपाळाला हात लावला.

"सुलक्षा!" सगुण असा ओरडला की कुंपणावरचे कावळे उडाले. "खूळ लागलं काय तुका?"

तिने रिकामी बादली खाली ठेवली.

"सीट काढा. माका मग काय ते बोला. आधी सीट काढा."

माझ्याकडे बघून म्हणाली ती. मी निव्वळ तिला खोटं पाडायला पुढे झालो. चारी दारं उघडली, मागच्या सीटच्या खाली हात घातला आणि झटका देऊन उपसली.

सीटचा स्पंज खालून ओला होता. पंपाच्या झाकणाभोवती जो खोलगट भाग असतो, तिथे पेट्रोल साचलं होतं. चहाच्या बशीत मावेल इतकं. त्यावर आभाळ दिसत होतं, रंगीत होऊन हलत होतं. आणि झाकणाच्या कडेतून काळी रबराची रिंग बाहेर आली होती, पावसात बिळातून गांडूळ येतं तशी.

ती रिंग माझी होती.

म्हणजे मी बसवलेली. त्या क्षणी मला चवथीच्या आधीची दुपार आठवली, मिनिटामिनिटाने. पंप काढला की ही रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, परत बसत नाही. ती फेकायची आणि नवी घालायची, हे धंद्यातलं पहिलीचं पुस्तक आहे. त्या दुपारी नवी रिंग मिळेना. मी जुनी रिंग गॅरेजच्या पत्र्यावर उन्हात टाकली, थोडी आकसली, तशी दाबून बसवली, वर झाकण आवळलं आणि स्वतःला म्हणालो, चवथ झाली की बदलू. मग नेवऱ्या आल्या. आणि चवथीपासून दसऱ्यापर्यंत मी त्या गाडीत माणसांच्या चुका शोधल्या, उंदरांच्या चुका शोधल्या, कारखान्याच्या चुका शोधल्या. माझा स्वतःचा हात जिथे शेवटचा लागला होता, तेवढीच जागा सोडून.

मी मान वर केली. अंगणातल्या प्रत्येकाच्या नाकावर काहीतरी होतं. पदर, रुमाल, कोणाचा तळहात. सगुण खोकत मागे सरला. शेवंतीवहिनीने ओलं लुगडं तसंच तोंडावर घेतलं. कुत्रा कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, सीट कवटाळून, तोंड पेट्रोलपासून वीतभर अंतरावर, मी एकटा मोकळ्या नाकाने उभा होतो. देवळात उभं राहावं तसा.

शेवंतीवहिनीला कळलं. 

"मेस्ता," ती हळू आवाजात म्हणाली, "तुका वास येना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.  गाडीच्या उंबऱ्यावर बसायला गेलो तर सगुणने दंडाला धरून ओढलं, "इथे नको, इथे नको." मग बॅटरीची तार कोणी काढली, फोन बंद करा म्हणून कोण ओरडलं, चार जणांनी ढकलत गाडी माळाच्या उघड्यावर कशी नेली, यातलं मला धड आठवत नाही. तारेचं काम बहुधा मीच केलं असेल, कारण बोटांवर ओरखडे होते. पाच-सहा पावलं, एवढं मात्र आठवतं. धुपाटणं आणि दार यांच्यात तेवढंच अंतर उरलं होतं.

सुलक्षाला शेजाऱ्याच्या रिक्षातून डिचोलीला डॉक्टरकडे नेलं. मी मागून चालत गेलो. दवाखान्याच्या बाहेर दुपारपर्यंत बसलो, कोणी आत बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. सगुण बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "ठोके बरे आहेत." घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोने काय झालं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी म्हणते लोकांना सांग," आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला बस पकडून रिंग आणली. बांगडीएवढी, प्लास्टिकच्या पुडीत. बसवायला वीस मिनिटं लागली. स्पंज नवा घातला. धुराच्या यंत्रावर गाडी मी स्वतः घेऊन गेलो आणि त्या माणसाला सांगितलं, माझं काम तपास. तो चकित झाला. चाळीस वर्षांत मी असं कोणाला म्हटलं नव्हतं. टेप सोलली. बेडूक गेला तो गेलाच, पण टेपेचा डिंक तिथे अजून आहे, त्यावर धूळ बसून चौकोन दिसतो.

पुढचे दोन महिने फोन वाजला की मी आधी सगुणचं नाव आहे का ते बघायचो. मार्गशीर्षात मुलगी झाली. सगुणने कळवलं, सगळं बरं आहे म्हणाला. मी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत पिंपावर बसून राहिलो. आता माझ्या दारावर पाटी आहे. तिच्यावर माझं नाव अजूनही नाही, पण असं लिहिलंय: 'मेस्ताला वास येत नाही. वासाची तक्रार असेल तर स्पष्ट सांगावी.' काही लोक हसतात, काही फोटो काढतात. दोन गिऱ्हाइकं तुटली. सांगून तुटली, हे बरं.

मूल तीन महिन्यांचं झाल्यावर सगुण गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला. सोबत शेवंतीवहिनी आणि कडेवर मुलगी घेऊन सुलक्षा. सुलक्षाने पाटी वाचली. शेवटपर्यंत वाचली. हसली नाही. मी तेल बदललं, फिल्टर बदलला, सीट न सांगता उचलून खालचं झाकण तिघांना दाखवलं. हात साबणाने दोनदा धुतले, मागचं दार उघडून धरलं आणि इतक्या वर्षांची जीभ, ती वळायची तिथेच वळली.

"बस, बाय," मी म्हणालो. "आता काही नाही."

सुलक्षाने मुलगी सासूकडे दिली. स्वतः आत वाकली, सीटजवळ तोंड नेऊन दोनदा श्वास घेतला. मग बाहेर आली, मुलीला परत घेतलं, आणि बसता बसता म्हणाली,

"मेस्ता, तुमी पाने फिरवा. पण 'काही नाही' म्हणू नका. तुमी तसं म्हणलात की माका भंय दिसता."